हरवलेले सत्तर ग्रॅम

आठशे सत्तर ग्रॅम.

*

काकडीची एक चकती. कडेला बारीक दातांची खूण, आणि मग खाणाऱ्याने विचार बदललेला.

*

एकाच बाहीचा निळा कोट. दुसरी बाही टेबलावर पडून कुणाची तरी वाट बघतेय.

*

फट्ट!

*

सुजलेला उजवा गाल.

*

शोधमहर्षी
निवृत्त वजनमापे निरीक्षक, कार्यरत गुप्तहेर
नजर गरुडाची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची
गुन्हा कितीही हलका असो, तोलून दिला जाईल
(भेटण्याची वेळ : चष्म्याच्या दुकानाची तीच. घंटा वाजवू नये, गिऱ्हाईक समजून मेहुणा धावतो.)

*

या सहा तुकड्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही असं तुम्हाआम्हाला वाटेल. शोधमहर्षींना तो पहिल्या पाच मिनिटांत दिसला होता. त्यानंतर तो त्यांना रोज नव्याने दिसत गेला, दर वेळी वेगळा. एकदाही बरोबर दिसला नाही ही गोष्ट निराळी, पण दिसण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही, असं त्यांच्या मेहुण्याने नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलंय.

मेहुणा म्हणजे चष्मेवाला. दुकान त्याचं, नोंदवही त्याची, आणि डोकेदुखीही त्याचीच. दुकानाच्या पुढच्या बाजूला चष्म्यांच्या फ्रेमा, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि तिथल्या पडद्याआड एक स्टूल. ते स्टूल म्हणजे शोधमहर्षींचं मुख्य कार्यालय. समोर अक्षरांचा तक्ता टांगलेला. तक्त्याची शेवटची ओळ ही कुणीतरी पाठवलेली सांकेतिक चिठ्ठी आहे असा त्यांना गेली दोन वर्षं संशय होता. चष्मेवाल्याने एकदा सांगून पाहिलं, की भाऊजी, ती अक्षरं फक्त बारीक आहेत. त्यावर भाऊजींनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की आपणही त्या कटात सामील आहोत की काय, अशी त्यालाच शंका आली.

हे सगळं चष्मेवाल्याच्या ताईने केलं. नवरा निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुकानात आली आणि म्हणाली, "ह्यांना दिवसा जरा तुझ्याकडे ठेवून घे. घरात डबे तोलत बसतात. परवा साखर पंधरा ग्रॅम कमी भरली म्हणून मला नोटीस दिली. लेखी."

"मग तू काय केलंस?"

"त्याच कागदात गूळ बांधून ठेवला."

तेव्हापासून चष्मेवाला सहायक झाला. सहायकाने करायची कामं तीन : लिहिणं, ऐकणं, आणि भाऊजी जिथे अडकतील तिथून त्यांना सोडवणं. तिसऱ्या कामाला वेळ फार जायचा.

सोमवार

शिंपी आला तो चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला म्हणून. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गुप्तहेराकडे कुणीही गेलं नव्हतं.

"कसा काय पडला?" चष्मेवाल्याने फ्रेम हातात घेत विचारलं.

"गुंडीच्या मागे धावताना."

"घरंगळली का?"

"घरंगळेल कशाला? पळाली. थेट लाकडी घरात जाऊन बसली. तिच्या मागोमाग काजही गेलं."

मागचा पडदा हलला. पडद्याआडून कुजबुज आली, "सहायक, लिहा. गुंडी पळते, काज पळतं. एक तर हा माणूस खोटं बोलतोय, नाही तर कोट जिवंत आहे."

शिंपी दचकला. "आत कुणी आहे?"

"नाही, म्हणजे आहेत, पण तुम्ही बोला."

गुंडी आणि काज हे दोन गिनीपिग निघाले. गुंडी तपकिरी, गोल गरगरीत. काज काळंपांढरं, लांबट, नाकाशी चीर दिल्यासारखा पांढरा पट्टा. नावं शिंप्याच्या मुलीने ठेवलेली, जनावरंही तिचीच. दोन महिन्यांपूर्वी तिला दुसऱ्या गावात नोकरी लागली. तिथल्या भाड्याच्या खोलीत प्राणी चालत नव्हते, म्हणून दोघांना वडिलांच्या हवाली करून ती गेली.

"आणि तेव्हापासून ते मला बघितलं की धूम ठोकतात," शिंपी म्हणाला. "खाणं कमी झालंय. गुंडी नऊशे चाळीस होती, ती आठशे सत्तरवर आली. मुलगी म्हणाली, बाबा, ते घाबरून झिजतायत, असं चालणार नाही. रविवारी येते आणि घेऊन जाते. तिच्या ऑफिसातली एक बाई सांभाळायला तयार आहे."

"मग एका अर्थी बरंच झालं," चष्मेवाला स्क्रू शोधत म्हणाला. "तुमच्या डोक्याचा ताप गेला."

 चष्मा नसलेल्या डोळ्यांनी शिंपी काउंटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिचा रोज सातला फोन येतो. आधी काजाचं वजन विचारते, मग गुंडीचं. मग विचारते, मांडीवर आली का? मी म्हणतो, नाही. ती म्हणते, बरं. मी म्हणतो, बरं."

"आणि मग?"

"मग ठेवतो."

"बाकी काहीच नाही?"

"बाकीचं ती आईशी बोलायची. आई होती तेव्हा. मी मशीनवर असायचो." त्याने खिशातून फडकं काढलं, काच नसलेल्या हवेतच पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा ठेवून दिलं. "ते दोघं गेले, की सात वाजता ती काय विचारेल हो?"

 उत्तर चष्मेवाल्याला द्यावं लागलं नाही, कारण पडद्यासकट शोधमहर्षी बाहेर आले होते. पडदा दांडीसह निघून त्यांच्या खांद्यावर पडला होता आणि त्यामुळे त्यांना एक प्रकारचा राजेशाही थाट आला होता.

"प्रकरण घेतलं!" ते म्हणाले.

"कुठलं प्रकरण?" शिंप्याने विचारलं.

"तुमचं."

"पण मी स्क्रूसाठी आलोय."

"सगळे असंच म्हणतात," शोधमहर्षी म्हणाले. आजवर असं कुणीच म्हटलं नव्हतं.

सोमवार, संध्याकाळ

शिंप्याचं घर आणि दुकान एकच. खाली कामाची खोली : कापायचं लांब टेबल, दोन मशिनी, भिंतीभर आरसा, आणि बिनडोक्याचा एक लाकडी पुतळा. त्याच्या अंगावर ताईचा निळा कोट होता, एकाच बाहीचा. शोधमहर्षींनी पुतळ्याला वाकून नमस्कार केला. उत्तर आलं नाही तेव्हा ते हळूच म्हणाले, "घरातली मंडळी काहीतरी लपवतायत."

"भाऊजी, तो पुतळा आहे."

"म्हणूनच बोलत नाही."

आतल्या जिन्याने वर गेलं की मुलीची खोली. पलंग, रिकामं कपाट, खिडकीखाली लांबरुंद जाळीचा पिंजरा, आत गवत आणि एक लाकडी घर. घराच्या दारात दोन नाकं थरथरत होती. भिंतीवर मुलीच्या हातची यादी चिकटवलेली :

*जमिनीवर बसा. वरून हात घालू नका, त्यांना घार वाटते.*
*आधी बोला. हळू.*
*मांडीवर टॉवेल अंथरा.*
*उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. लोंबकळू देऊ नका.*
*नको म्हणाले तर नको. उद्या परत.*
*बाबा, घाई करू नका.*

"मी यातला एक शब्द इकडचा तिकडे करत नाही," शिंपी म्हणाला. "दिलेल्या मापाबरहुकूम. चाळीस वर्षांत माझी एक बाही आखूड गेलेली नाही."

"आपण आधी वजनकाट्याची तपासणी करू," शोधमहर्षींनी जाहीर केलं, आणि बगलेतली मखमली अस्तराची पेटी उघडली. आत त्यांची पितळी वजनं होती. निवृत्तीच्या दिवशी सरकारने ती परत मागितली नाहीत आणि त्यांनी आठवण करून दिली नाही. त्यांचा पहिला सिद्धान्त असा, की गिनीपिग झिजलेलेच नाहीत, काटा खोटं बोलतोय. पाऊण तास त्यांनी काटा तपासला. आडवं पडून, उभं राहून, एक डोळा मिटून. शेवटी खिन्नपणे म्हणाले, "काटा निर्दोष आहे."

म्हणजे सत्तर ग्रॅम खरोखरच हरवले होते. या संपूर्ण प्रकरणात त्यांनी काढलेला बरोबर निष्कर्ष एवढा एकच, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला आहे.

मग शिंप्याने रोजचा प्रयोग करून दाखवला. जमिनीवर मांडी घातली. "काय गं गुंडे, जेवलीस का?" इतक्या मऊ आवाजात तो बोलला, की चष्मेवाल्यालाच एक डुलकी घ्यावीशी वाटली. गुंडी घराबाहेर आली. तिच्या मागून काज. शिंप्याने फळीवरचा टॉवेल घेतला, झटकला, मांडीवर अंथरला, आणि त्याच क्षणी शोधमहर्षींच्या हातातून शंभर ग्रॅमचं वजन सुटून फरशीवर आपटलं.

दोन्ही गिनीपिग बाणासारखे घरात.

"भाऊजी!"

"मी मुद्दाम पाडलं," शोधमहर्षी म्हणाले. "त्यांच्या कानांची परीक्षा. कान उत्तम आहेत."

सात वाजले. फोन वाजला. खालून शिंप्याचा आवाज ऐकू आला : "आठशे साठ. आठशे सत्तर. नाही. बरं." आणि मग मशीन सुरू झाली.

मंगळवार : मांजर

शेजारी पुस्तकबांधणीवाला राहायचा आणि त्याची एक मांजर होती. ती शिंप्याच्या खिडकीखालच्या भिंतीवर रोज बसते, ही बातमी कळताच शोधमहर्षींनी हात चोळले. दुपारभर ते भिंतीआड वाकून बसले. मांजर झोपली होती. तीन तासांनी तिने कूस बदलली. त्यांनी वेळ टिपून घेतली.

शेवटी चष्मेवाल्याने सरळ जाऊन मांजर उचलली आणि खिशातली बॅटरी तिच्या डोळ्यांत मारली.

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. भाऊजी, हिला गिनीपिग दाखवलात तर ती त्याला पायमोजा समजेल."

"वय?"

"सतरा," पुस्तकबांधणीवाला दारातून म्हणाला. "आणि तुम्ही माझ्या दारात कधीपासून ओणवे आहात?"

बुधवार

बुधवारी चमत्कार झाला आणि शोधमहर्षी तिथे नव्हते. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा मोह चष्मेवाल्याने आवरला.

झालं असं, की टॉवेल धुवायला टाकलेला. शिंप्याने त्याऐवजी मांडीवर वर्तमानपत्र घेतलं. आणि गुंडी आली! हळूहळू, थांबत थांबत, पोट जमिनीला घासत आली, पुढचे दोन पाय कागदावर ठेवले, शिंप्याच्या बाहीचा काठ हुंगला आणि गेली. शिंपी इतका वेळ श्वास रोखून बसला होता, की नंतर त्याला पाणी प्यावं लागलं.

"काल फोन चार मिनिटं चालला," गुरुवारी सकाळी दुकानात येऊन त्याने सांगितलं. मुद्दाम तेवढंच सांगायला आला होता. "चार! ती म्हणाली, कुठला पाय आधी ठेवला? मी म्हटलं, डावा. मग ती म्हणाली, तिकडे थंडी पडलीय. मी म्हटलं, स्वेटर नेलायस ना."

पडद्याची दांडी नुकतीच बसवली होती, तरी पडदा पुन्हा हलला. "कुठलं वर्तमानपत्र?"

"रोजचंच."

"कितवं पान?"

"बघितलं नाही हो."

"तिथेच चुकलात," शोधमहर्षी म्हणाले. "सहायक, लिहा. ते वाचक आहेत."

गुरुवारी संध्याकाळी वर्तमानपत्राचा गठ्ठा घेऊन सगळे वर गेले. शिंप्याने मांडीवर कागद पसरला. पण एव्हाना टॉवेल वाळला होता, आणि यादीत टॉवेल लिहिलेला होता, आणि शिंपी दिलेल्या मापाबाहेर जाणारा माणूस नव्हता. त्याने कागदावर टॉवेलही अंथरला. त्याच वेळी शोधमहर्षींनी खड्या आवाजात अग्रलेखाचं पहिलं वाक्य वाचलं.

गिनीपिग गायब.

"अग्रलेख आवडला नाही," शोधमहर्षींनी मान हलवली. "रास्त आहे. उद्या हवामान वाचू."

फोनवर : "आठशे साठ. आठशे सत्तर. नाही. बरं." मशीन त्या दिवशी उशिराने सुरू झाली.

शुक्रवार : यंत्र

समोरच्या इमारतीत दातांची डॉक्टर होती. तिच्या यंत्राची किरकिर रस्ता ओलांडून येते आणि गिनीपिगांचं काळीज चिरते, हा चौथा सिद्धान्त. तसा तो बरा होता. चष्मेवाल्यालाही पटला. म्हणूनच तो सोबत गेला आणि पुढचं सगळं त्याला बघावं लागलं.

"तुमचं यंत्र संध्याकाळी किती वाजता सुरू होतं?" शोधमहर्षींनी दरडावून विचारलं.

"बसा," डॉक्टर म्हणाली. तिथे बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

"मी प्रश्न विचारतोय."

"विचारा की. तोंड जरा मोठं उघडून विचारा. उजवीकडची दाढ किती दिवस दुखतेय?"

"कोण म्हणालं दुख... आ..."

"हे म्हणाले." डॉक्टरने चष्मेवाल्याकडे बोट केलं.

"मी काहीच बोललो नाही!"

"तुम्ही मघाशी डोळे मिटलेत. घरच्यांना सगळं ठाऊक असतं."

वीस मिनिटांनी शोधमहर्षींची दाढ एका ताटलीत पडली होती. त्यांनी सवयीने तिच्याकडे बघितलं. चष्मेवाला समजला आणि म्हणाला, "असेल दोन-तीन ग्रॅम."

"भरली असती तर वाचली असती," डॉक्टर हात धुताना म्हणाली, "पण माझं यंत्र मागच्या आठवड्यापासून बंद पडलंय. कारागीर सोमवारी येतोय. उद्या संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. एकही नाही."

घरी ही आज्ञा ऐकून ताईने डॉक्टरचा पत्ता लिहून घेतला.

शनिवार

आता तो गाल. उजवीकडे असा काही टरारून फुगला होता, की शोधमहर्षी एका बाजूने नेहमीचे आणि दुसऱ्या बाजूने कुणी निराळेच दिसत. तोंडात कापूस, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पहिली चिठ्ठी त्यांनी सकाळीच चष्मेवाल्याच्या काउंटरवर ठेवली : *आज मी त्यांच्यात त्यांच्यासारखा जाणार.*

ताईही बरोबर निघाली. नवऱ्याच्या काळजीने नव्हे. निळ्या कोटाची दुसरी बाही शनिवारी लागणार होती.

शिंपी खाली बाही जोडत बसला. ताई चहाचा कप घेऊन मुलीच्या खोलीच्या उंबऱ्याशी, जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकली. शोधमहर्षी पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि फुगलेला गाल पुढे केला. बोलता येत नव्हतं. गाल दुखत असल्यामुळे हलताही येत नव्हतं. वीस मिनिटं गेली. चष्मेवाल्याच्या आठवणीत भाऊजी इतका वेळ गप्प पहिल्यांदाच बसले होते.

आधी काज बाहेर आलं. त्याने शोधमहर्षींच्या पायाचा अंगठा हुंगला. मग गुडघा. मग, चष्मेवाल्याने डोळे चोळले, ते चक्क चढून त्यांच्या मांडीवर बसलं आणि घशातल्या घशात गुरगुर करू लागलं, लांबवरून मशीन चालावी तशी. गुंडी पुढ्यात येऊन काकडी खाऊ लागली.

शोधमहर्षींनी डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली : *आप्त समजले.*

ताई म्हणाली, "मला तर वाटतं, तुम्ही गप्प बसलात म्हणून आले."

दुसरी चिठ्ठी : *हास्यास्पद.*

"अहो, या ना वर!" चष्मेवाल्याने हळूच हाक मारली. "हळू या. बघा काय झालंय."

शिंपी आला. दारातच थबकला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटला आणि तितक्याच लवकर विझला, कारण काज दुसऱ्याच्या मांडीवर होतं. "मी पण बसू का?" त्याने विचारलं, स्वतःच्याच घरात. तो बसला. "काय गं गुंडे." गुंडीने मान वर केली, एक पाऊल टाकलं. शिंप्याने फळीवरून टॉवेल ओढला.

काज उडी मारून गेलं. गुंडी गेली. काकडी तेवढी राहिली.

शोधमहर्षी ताडकन उभे राहिले. गाल दुखला, तरी राहिले. पेन्सिल कागदावर भराभरा चालली. चिठ्ठी त्यांनी शिंप्याच्या हातात दिली. शिंप्याने चष्मा नीट बसवून वाचली. चष्मेवाल्याने त्याच्या खांद्यावरून वाचली आणि त्याला भाऊजींना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं.

*गुन्हेगार सापडला. परक्याकडे येतात, याच्यापासून पळतात. हा त्यांना आपला वाटत नाही. हा खरा बाप नाही.*

शिंप्याने कागदाची नीट घडी केली. कडा जुळवून, नखाने दाबून.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "बाप म्हणून मी या खोलीत कधी बसलोच नाही. ती इथे अभ्यास करायची, मी खाली. ती इथे आजारी पडायची, मी खाली. एवढ्याशा जिवांना कळतं ते मला कळलं नाही. उद्या घेऊन जाऊ दे तिला."

शोधमहर्षींचा हात पेन्सिलीसकट हवेत राहिला.  

"अहो, ते सगळं असू दे," जिन्यावरून ताई म्हणाली, "पण तुम्ही तो टॉवेल एवढ्या जोरात झटकता कशाला?"

"कोण झटकतंय?"

"तुम्ही! आत्ता! फट्टकन! माझ्या कपातला चहा बशीत आला. मी एवढी मोठी बाई दचकले, त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल? त्यांना वाटत असेल, घारीने पंख फडफडवले."

"मी कशाला झटकेन? मी अंथरतो. यादीत लिहिलंय तसं."

"परत अंथरून दाखवा बरं."

शिंप्याने टॉवेल उचलला. दोन टोकं धरली. हात खांद्यापर्यंत गेले आणि, फट्ट! लाकडी घरातून एक बारीक, घाबरलेली शीळ आली.

शिंपी स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. चाळीस वर्षं प्रत्येक कापड पसरण्याआधी त्या हातांनी झटकलं होतं : दोरे उडवायला, सुरकुती मोडायला, कापडाचा कल बघायला. मुलीने लिहिलं होतं *अंथरा*. त्याच्या हातांना अंथरण्याची सुरुवात तीच माहीत होती.

"सोमवारी," चष्मेवाला हळू म्हणाला, "भाऊजींचं वजन पडलं."

"आणि गुरुवारी अग्रलेख," शिंपी म्हणाला.

"आणि बुधवारी टॉवेल नव्हताच."

"वर्तमानपत्र कोण झटकतं?"

तिघांनी शोधमहर्षींकडे पाहिलं. ते चिठ्ठी लिहीत होते : *मी हेच म्हणत होतो. गुन्हेगार तोच.*

"आता न झटकता पसरा," ताई म्हणाली.

शिंप्याने प्रयत्न केला. फट्ट! दुसरा प्रयत्न. फट्ट! हात ऐकेनात. तिसऱ्या वेळी त्याने दात आवळून, डोळे मिटून टॉवेल धरला, आणि तो फक्त अर्धाच झटकला गेला. ताईने कप बाजूला ठेवला. "द्या इकडे," म्हणाली आणि झोपलेल्या तान्ह्या मुलाला पांघरूण घालावं तसा टॉवेल त्याच्या मांडीवर ठेवला.

"आता हलू नका. आणि तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली, "लिहू नका. पेन्सिल करकरते."

पंचवीस मिनिटांनी गुंडीने शिंप्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. पुढे आली नाही. शिंपीही पुढे सरकला नाही. सात वाजले, फोन वाजायला लागला, वाजत राहिला. गुंडीची हनुवटी हलू नये म्हणून त्याने तो उचलला नाही. चष्मेवाल्याने धावत जाऊन उचलला आणि पलीकडच्या घाबऱ्या आवाजाला सांगितलं, "सगळं ठीक आहे. ते जरा कामात आहेत. गुंडीने त्यांना धरून ठेवलंय."

रविवार

मुलगी दुपारी आली, हातात झाकणाची टोपली. शोधमहर्षी हजर होते, कारण त्यांच्या मते हा उकल जाहीर करण्याचा दिवस होता. चष्मेवाला हजर होता, कारण ते हजर होते.

शिंपी खोलीत जमिनीवर बसला होता. त्याच्या कामाच्या एप्रनवर तो टॉवेल शिवून टाकलेला होता, चारी बाजूंनी दुहेरी टीप घालून. रात्रीतून नव्हे. सकाळी उठून, नीट माप घेऊन. आता अंथरायचं काही उरलं नव्हतं. गुंडी मांडीवर होती. एक हात तिच्या छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. लोंबकळत काहीच नव्हतं.

मुलगी दारात उभी राहिली.

"बाबा, हे काय शिवलंय?"

"हळू बोल," शिंपी म्हणाला. "यादी वाचली नाहीस का?"

ती हसली. बूट काढून त्याच्या शेजारी बसली. काज बाहेर आलं, तिला ओळखून चित्कारलं, आणि थोडं थांबून, दोघांच्या मधोमध जाऊन बसलं.

"आठशे पंच्याहत्तर," शिंपी म्हणाला. "सकाळी तोललं. काटा तपासलेला आहे."

शोधमहर्षींनी खाकरून घसा साफ केला. गाल आता उतरला होता. "या गुंतागुंतीच्या प्रकरणाचा छडा मी..."

"अहो," खालून ताईची हाक आली, "कोट घालून बघतेय, दोन्ही बाह्या सारख्या आहेत का सांगा बरं!"

सारखेपणाचा प्रश्न होता. निरीक्षक माणूस, जावंच लागलं.

संध्याकाळी मुलगी टोपली रिकामीच घेऊन गेली. सोबत तिने तसाच एक एप्रन मागून घेतला, आपल्या मापाचा, अधूनमधून आल्यावर लागेल म्हणून. त्यामुळे शिंप्याला तिचं माप घ्यावं लागलं, आणि ती शाळेपासून किती उंच झालीय यावर दोघांचा चांगला अर्धा तास वाद झाला.

नोंदवहीत चष्मेवाल्याने लिहिलं : *प्रकरण मिटलं. उकल : ताई.* दुसऱ्या दिवशी त्याच ओळीत *ताई* या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर *शोधमहर्षी* असं लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या पट्टीवर गूळ बांधल्याचा डाग होता.

पुढच्या आठवड्यात शिंपी पुन्हा दुकानात आला. स्क्रू पडला नव्हता.

"सहज आलो," म्हणाला. "काल फोन पस्तीस मिनिटं चालला. गंमत म्हणजे, वजन विचारायचंच विसरली ती."

"तुम्ही सांगितलंत?"

"छे. मीही विसरलो."

पडदा हलला. चष्मेवाल्याने तो न बघताच हाताने धरून ठेवला.

नोंदवहीत एक गोष्ट राहूनच गेली : दोन महिन्यांपूर्वी मुलगी नोकरीच्या गावी गेली त्या दिवशी शिंपी तिच्या खोलीत आला होता, आणि त्याने गुंडी आणि काजाच्या पिंजऱ्यासमोरच तिच्या पलंगावरची चादर दोन टोकं धरून फट्टकन झटकली होती, मग घडी घालून ठेवली होती.